तेल ओढ्यातच अडवा, नदीपर्यंत जाऊ देऊ नका

२०२२ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे एका गावचे पोलीस पाटील होते.

"साहेब, हायवेच्या पुलावरनं टँकर खाली ओढ्यात गेलाय. डिझेलचा नुसता वास सुटलाय. ड्रायव्हरला पोरांनी बाहेर काढलं, दवाखान्यात पाठवलं. पुढं काय करू?"

गावाचे नाव आणि टँकर कोणाचा होता ते इथे देत नाही. त्या दिवशी आमचे काय चुकले आणि काय जमले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. मी कृषी खात्यात गावोगाव फिरणारा माणूस. पदविका शेतीची, तेलाची नव्हे. पण पाटलांनी फोन मला केला, कारण त्यांच्याकडे सरकारी माणसाचा तेवढा एकच नंबर होता. इथूनच विचार करायला लागतो.

आपल्या जिल्ह्यात डिझेल कुठून सांडणार, असे कोणी म्हणेल. मनमाडजवळच्या पानेवाडीहून, सोलापूरजवळच्या पाकणीहून टँकर भरून निघतात आणि आपल्याच पुलांवरून जातात. शेतांच्या खालून तेलाच्या पाइपलाइनी गेल्या आहेत. २०२१ साली फलटण तालुक्यात चोरट्यांनी अशी पेट्रोलची पाइपलाइन फोडली आणि पेट्रोल जमिनीत मुरून विहिरींत उतरले. तेव्हा हे संकट फक्त समुद्रकाठच्या लोकांचे नाही.

समुद्रात तेल सांडले तर काय करायचे याचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे आणि ते काम तटरक्षक दलाकडे आहे. नदी-ओढ्यासाठी असे वेगळे दल नाही. जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची. पण जिल्ह्याहून माणसे आणि साहित्य यायला वेळ लागतो आणि तेल कोणासाठी थांबत नाही. म्हणून पहिले दोन-तीन तास गावाचेच असतात.

तेल पाण्यावर काय करते

डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते तरंगते आणि पसरत जाते. एक लिटर डिझेल एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीने पसरले, तर सुमारे दहा गुंठे पाणी झाकते. आमच्या टँकरचा चार हजार लिटरचा एक कप्पा फाटला होता. त्याच हिशोबाने तेवढे डिझेल हजार एकर पाण्यावर पसरू शकते. एकदा ते नदीच्या मोठ्या पात्रात गेले की गोळा करणे कोणाच्याच हातात राहत नाही. ओढा अरुंद असतो, तेलाचा थर तिथे जाड असतो. जी लढाई जिंकता येते ती ओढ्यातच.

पुढचा प्रश्न, ते किती वेळात कुठे पोहोचेल? यासाठी यंत्र लागत नाही. काठावर १०० मीटर पावले टाकून मोजा, एक वाळके पान पाण्यात सोडा आणि घड्याळ बघा. आमच्या ओढ्यात त्या पानाला पाच मिनिटे लागली. म्हणजे एका किलोमीटरला पन्नास मिनिटे. पुलापासून संगम तीन किलोमीटर. टँकर चारच्या सुमारास पडला, म्हणजे साडेसहाला डिझेल नदीत. हा हिशोब पहिल्या दहा मिनिटांत करावा. पुढची सगळी कामे त्यावर ठरतात.

सगळी तेले तरंगतातच असेही नाही. २०१० च्या जुलैत अमेरिकेच्या मिशिगन राज्यात कलामाझू नदीला मिळणाऱ्या ओढ्यात पाइपलाइन फुटली. आतले तेल जड डांबरी जातीचे होते, हलके द्रव मिसळून पातळ केलेले. हलका भाग उडून गेला आणि उरलेले तेल तळाला बसले. नदीचा गाळ उपसत साफसफाई कित्येक वर्षे चालली. दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी. नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजत होत्या, तरी गळती आहे हे कळायला सतरा तास गेले आणि मधल्या काळात पंप पुन्हा सुरू केले गेले. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या यंत्रांसमोर बसून माणसे वेळ घालवतात. मग आपण तर अंधारात, बॅटरीच्या उजेडात उभे असतो.

पहिले काम : माणसे लांब करा

मी पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. काठावर पंधरा-वीस जण कॅन, घागरी घेऊन आलेले. पाटील काठी आडवी धरून उभे. "फुकटचं डिझेल घरात आणि माणूस सरणावर, असं व्हायला नको. मागं व्हा!" त्यांचे शब्द कडक होते, पण बरोबर होते.

२५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया इथे तेलाचा टँकर उलटला. आसपासच्या गावचे लोक भांडी घेऊन पेट्रोल गोळा करायला धावले. भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसे गेली. ती आपल्यासारखीच खेड्यातली, शेतातली माणसे होती.

टँकरच्या मागे आणि बाजूला नारिंगी रंगाची पाटी असते. तिच्यावर चार आकडी नंबर असतो. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ म्हणजे पेट्रोल, १२२३ म्हणजे रॉकेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. त्याच पाटीवर संकटात कोणाला फोन करायचा तो नंबरही असतो. पाटी लांबूनच वाचा.

नंबर पेट्रोलचा किंवा गॅसचा असेल तर गावाने एकच काम करायचे. किमान ३०० मीटर लांब व्हायचे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबायचे आणि अग्निशमन दलाची वाट बघायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती ओढ्याच्या खोलगट भागात साचते आणि दिसत नाही. मोटारसायकलची किक, बिडी, जेसीबीचे इंजिन, काहीही पुरते. अशा वेळी बांध घालायला ओढ्यात उतरू नका. पुढे जी कामे सांगतो ती डिझेल, फर्नेस ऑइल, गाडीचे काळे ऑइल अशा तेलांसाठी आहेत. तिथेही बिडी-काडी बंद, लहान पोरे लांब आणि हातात रबरी मोजे.

दुसरे काम : खालच्या गावांना निरोप

इथे मी चुकलो. स्पष्टच सांगतो.

पाटलांचा फोन ठेवल्यावर मी आमच्या वरिष्ठांना फोन केला, तहसीलमधल्या ओळखीच्या माणसाला केला, मग पोलीस ठाण्याला केला. शेतकऱ्यांना नदीवरच्या मोटारी बंद करायला सांगितले. पण संगमाच्या खाली दोन किलोमीटरवर एका गावाची जॅकवेल आहे. त्या गावाला फोन करायचा राहून गेला. नदी संथ होती, डिझेल तिथे पोहोचले सव्वानऊच्या आसपास. पाणी सोडणाऱ्या माणसाने नेहमीप्रमाणे सकाळी सातला मोटार चालू केली होती, ती दहापर्यंत चालली. वास आला तेव्हा टाकीत आणि गावच्या नळात डिझेल मिसळलेले पाणी गेलेले होते. टाकी, पाइप धुऊन, पाणी तपासून नळ पुन्हा चालू व्हायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस त्या गावच्या बायाबापड्या टँकरपुढे हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या.

माझ्या हातात साडेचार तास होते. फोनला एक मिनिट लागले असते. नंबर माझ्याकडे नव्हता हे खरे, पण तो शोधायचे सुचलेही नाही हे जास्त खरे. आम्ही सगळे वर फोन करत होतो, पाणी खाली चालले होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ११२ ला फोन, कारण माणूस अडकला असेल किंवा आग लागली असेल तर तिथूनच मदत निघते. लगेच दुसरा फोन खालच्या गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला. त्यानंतर १०७७, म्हणजे जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय. तहसीलदार, पाटबंधारे शाखा, पशुवैद्यकीय दवाखाना हे ओघाने आलेच.

मोटारी बंद करा म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. त्या दिवशी दोन शेतकऱ्यांनी बटन दाबून मोटार बंद केली, ऑटो काढला नाही. दुपारी लाइट आली, मोटारी चालू झाल्या आणि एकाच्या कांद्याच्या रोपावर डिझेलचे पाणी फिरले. रोप दोन दिवसांत करपले. दुसऱ्याचे ठिबक होते, त्याचे ग्रोमेट आणि रबरी वॉशर फुगून खराब झाले. तेव्हा ऑटो काढा, फ्यूज काढून खिशात ठेवा. फूटव्हॉल्व्ह खोल पाण्यात आहे म्हणून काही होणार नाही, असेही समजू नका. पाणी उतरले की भोवरा होतो आणि वरचा तवंग आत ओढला जातो.

तिसरे काम : साय वर, दूध खाली

सहाच्या सुमाराला आम्ही पुलाखाली दोन किलोमीटरवर, ओढा रुंद आणि संथ होतो तिथे, वाळूच्या गोण्यांचा बांध घातला. वनराई बंधारे घालायचा सराव असल्याने तासाभराचे काम अर्ध्या तासात झाले. डिझेलचा पहिला लोंढा तोवर पुढे गेला होता, पण मागचे बरेच यायचे होते. बांध झाला तसे सगळे खूश. सातला पाणी बांधाच्या डोक्यावरून वाहू लागले आणि वरचे सगळे डिझेल त्याच्याबरोबर खाली गेले. आम्ही पाणी अडवले होते, तेल नाही.

काठावर एक म्हातारे तात्या बसले होते. दोन म्हशींचे दूध डेअरीला घालणारे. ते म्हणाले, "अहो साहेब, साय वर असते. दूध खालनं काढायचं असतं."

एवढ्यावरून काम कळले. या प्रकारच्या बांधाला तेल आवरणारे लोक खालून पाणी सोडणारा बांध म्हणतात. जगात सगळीकडे तो असाच घालतात. ग्रामपंचायतीच्या आवारात पडलेले सहा आणि आठ इंची पाइप ट्रॅक्टरने आणले. बांध थोडा उकरून पाइप तिरके बसवले. वरच्या बाजूचे तोंड खोल, तळाजवळ. खालच्या बाजूचे तोंड उंच. अशाने वरचे पाणी खालच्या तोंडाच्या उंचीइतके साचून राहते, पाइपात शिरते ते तळाचे स्वच्छ पाणी आणि तेल मागे तरंगत राहते. आठ वाजल्यानंतर त्या बांधातून फारसे डिझेल पुढे गेले नाही.

हा बांध घालताना चार गोष्टी बघाव्या लागतात. पाइप इतके हवेत की ओढ्याचे सगळे पाणी त्यांतून निघेल. कमी पडले तर पाणी पुन्हा डोक्यावरून जाणार. म्हणून एक पाइप जादाच टाका. पाइपाचे वरचे तोंड तेलाच्या थराच्या बरेच खाली बुडालेले हवे. गोण्यांच्या फटींतून तेल झिरपू नये म्हणून वरच्या अंगाला शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद अंथरा. आणि शक्य असेल तर खाली थोड्या अंतरावर असाच दुसरा बांध घाला, कारण पहिल्यातून थोडेफार सुटतेच. जागा निवडताना ट्रॅक्टर आणि तेल उपसणारी गाडी काठापर्यंत येईल अशी बघा. अडवलेले तेल उचलता आले नाही तर अडवून उपयोग काय?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यालाही हाच नियम. डोक्यावरून पाणी सांडत असेल तर तेल आधी जाते. पाणी डोक्याच्या खाली राहील असे बघायचे. पण बर्ग्यांना गावाने परस्पर हात लावू नये, पाटबंधारे खात्याच्या माणसालाच बोलवावे.

मोठ्या पाण्यात काय?

पूर असेल, किंवा तेल नदीत गेलेच असेल, तर बांध घालता येत नाही. तिथे तरंगता दोर लागतो. कंपन्यांकडे तयार मिळतो, आपल्याकडे तो दुपारपर्यंत पोहोचला. तोवर गावातल्या पोरांनी कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्यांत वाळके पाचट आणि कवडी कापूस भरला, गोण्या एकमेकींना बांधल्या, मध्ये बांबू घातले आणि तरंगता दोर केला. कापूस न धुतलेला हवा. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, तो पाणी लांब ठेवतो आणि तेल धरतो. औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस आधी पाणीच पितो.

हा दोर नदीला सरळ आडवा बांधू नका. धार जोराची असेल तर तेल त्याच्या खालून निसटते. तिरका बांधा. वरचे टोक पलीकडच्या काठाला, खालचे टोक अलीकडच्या काठाला, जिथे पाणी शांत आहे अशा डोहाकडे. म्हणजे तेल दोराच्या कडेने सरकत कोपऱ्यात येते आणि तिथून बादलीने, सुपाने उचलता येते. गोण्या तेल पिऊन जड झाल्या की लगेच बाहेर काढा. पाचट जास्त वेळ राहिले तर पाणी पिऊन बुडते, मग ते तळाशी घाण होऊन बसते. तूस, लाकडाचा भुसा मोकळा नदीत टाकू नका. तो परत कोण गोळा करणार?

कपड्याची पावडर किंवा साबण टाकून तवंग घालवायचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. ऐकू नका. साबणाने तेल नाहीसे होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते आणि मासळीला जास्त घातक ठरते. डोळ्याला पाणी स्वच्छ दिसते, तेवढेच. काडी लावून जाळायचा विचार तर मनातही आणू नका.

हाताने तेल काढणाऱ्यांचे हाल

गावकऱ्यांनी तेल काढायचे म्हणजे कसेही काढायचे असे नाही. ९ डिसेंबर २०१४ रोजी बांगलादेशात सुंदरबनातल्या शेला नदीत धुक्यात एका जहाजाची टक्कर होऊन साडेतीन लाख लिटरच्या आसपास फर्नेस ऑइल नदीत गेले. ते काढायला यंत्रे नव्हती. काठच्या मच्छीमारांनी, बायकांनी, लहान मुलांनीसुद्धा ते ताटल्या, फडकी, जाळी घेऊन हाताने गोळा केले. सरकारी तेल कंपनीने सुरुवातीला लिटरला ३० टका भाव दिला. तेल निघाले, पण बहुतेकांच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला मास्क नव्हता. माणसे डोक्यापासून पायापर्यंत काळी झालेली जगाने फोटोत पाहिली.

आपल्या देशातही तेच झाले. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळाच्या पुरात चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत, कोसस्थलैयार नदीच्या तोंडाशी तेल पसरले. बादल्या, मग घेऊन खाडीत उतरले ते तिथले मच्छीमारच. होड्या आणि जाळी काळी झाली, धंदा बंद पडला.

या दोन्ही ठिकाणी गावानेच नदी धरली, हे खरे. पण त्यांना साधने आधी मिळायला हवी होती, हेही तितकेच खरे. रबरी मोजे, गमबूट, चष्मा, मास्क यांचे पाच-सहा संच ग्रामपंचायतीला परवडतात. उघड्या अंगाने डिझेलमध्ये उतरू नका, कातडी सोलते, डोके दुखते, उलट्या होतात. अंगाला लागले तर साबण आणि भरपूर पाणी. इथे मात्र साबण चालतो!

जनावरे, मासे आणि जमीन

जनावरे ओढ्यावर सोडू नका. त्यांना बांधून घाला आणि विहिरीचे पाणी पाजा. जनावर डिझेलचे पाणी प्यायलेच तर घरचा काढा किंवा गोडेतेल नळीने पाजू नका. पाजताना किंवा उलटी होताना डिझेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो आणि जनावर हाताचे जाते. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा.

मेलेले किंवा सुस्त झालेले मासे खाऊ नका, विकूही नका. जिवंत माशालाही कित्येक दिवस तेलाचा वास राहतो.

ज्या रानात डिझेलचे पाणी गेले तिथे माती पाणी नीट पीत नाही, पीक पिवळे पडते. थर दिसण्याइतकी भिजलेली वरची माती खरवडून प्लॅस्टिक कागदावर ढीग करा आणि झाकून ठेवा. भिजलेल्या गोण्या, पाचटही तिथेच. हा धोकादायक कचरा आहे. तो उकिरड्यावर किंवा दुसऱ्याच्या बांधाला न टाकता प्रदूषण मंडळ सांगेल तिथेच जाऊ द्या. थोडक्यात भिजलेल्या रानाला मात्र उपाय आहे. मातीतले जिवाणूच तेल खातात. त्यांना हवा, ओल आणि अन्न लागते. रान वरचेवर नांगरून-कुळवून मोकळे ठेवा, ओल टिकवा, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडे नत्र-स्फुरद द्या. ते जिवाणू मातीतले नत्र वापरतात, म्हणून नुसते पीक घेऊन चालत नाही. एक हंगाम जाऊ द्यावा लागतो. पुढच्या पेरणीआधी माती तपासून घ्या आणि पहिले पीक भाजीपाल्याचे घेऊ नका.

कागद करायला विसरू नका

अतिवृष्टी, गारपीट झाली की आपण अर्ज कुठे द्यायचा हे जाणतो. टँकर पडणे ही नैसर्गिक आपत्ती नाही, म्हणून तो नेहमीचा अर्ज इथे चालत नाही. भरपाई ज्याचा माल त्याच्याकडून घ्यायची असते. त्यासाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. या कायद्याखाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यातली रक्कम अपुरी वाटली, किंवा नदी, विहीर, जमीन पूर्ववत करून हवी असेल, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे जाता येते. आपल्यासाठी लवादाचे पीठ पुण्यात आहे. दोन्हीकडे मुदत पाच वर्षांची, पण पाच वर्षांनी पुरावा कुठे सापडणार?

म्हणून त्याच दिवशी पंचनामा करा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, कृषी खात्याचा माणूस, सरपंच आणि दोन पंच. गट नंबर, पीक, क्षेत्र, मोटार किती वाजता बंद केली, तवंग किती वाजता दिसला, सगळे लिहा. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. टँकरची नारिंगी पाटी आणि गाडीचा नंबर फोटोत घ्या, लांबूनच. पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून पंचांसमोर सील करा. प्लॅस्टिकला तेल चिकटते, म्हणून ती बाटली नको. कायद्याने ग्राह्य धरला जाणारा नमुना मात्र प्रदूषण मंडळाचे अधिकारीच ठरलेल्या पद्धतीने घेतात. म्हणून त्यांना बोलावल्याची वेळही लिहून ठेवा. १९७४ च्या पाण्याच्या कायद्यात अशा अपघाताची खबर मंडळाला देणे बंधनकारक केले आहे.

आमच्या त्या कांदावाल्या शेतकऱ्याकडे वेळ लिहिलेला पंचनामा होता, त्याचा अर्ज पुढे सरकला. खालच्या गावात ज्यांच्या नळाला डिझेल आले, त्यांच्यापैकी एकानेही त्या दिवशी कागद केला नव्हता. पाणी कोणाच्या मालकीचे, असे म्हणत सगळे थांबले आणि वेळ गेली.

ग्रामसभेत एक तास द्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि पोलीस पाटील मंडळींनो, यातले कोणतेच काम अवघड नाही. पण पहाटे चारला, अंधारात, वास नाकात भरलेला असताना पहिल्यांदा करायचे म्हटले तर प्रत्येक काम अवघड होते. म्हणून येत्या ग्रामसभेत एक तास द्या. गावातून महामार्ग, रेल्वे किंवा पाइपलाइन जात असेल तर नक्कीच द्या.

ओढ्यावर बांध घालायच्या दोन जागा आत्ताच ठरवा. एक पुलाजवळची, एक संगमाच्या आधीची. रिकाम्या गोण्या, चार पाइप, शेततळ्याच्या कागदाचा तुकडा, मोजे, मास्क, दोर एका खोलीत ठेवा आणि किल्ली दोघांकडे द्या. ट्रॅक्टर कोणाचा येणार, जेसीबी कोणाचा, हे नावानिशी लिहा. तिरक्या पाइपाचा बांध उन्हाळ्यात एकदा घालून बघा. ओढ्याला पाणी नसेल तर पाटाच्या चारीत घाला. वर पेंढा टाका. पेंढा मागे राहिला आणि पाणी पुढे गेले की बांध जमला.

आणि नंबर. आपल्या पाण्याच्या वाटेवर खाली जेवढी गावे आहेत, त्यांच्या पाणी सोडणाऱ्या माणसांचे मोबाईल नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहा. वरच्या गावाकडेही आपला नंबर आहे की नाही ते विचारा, कारण आपणही कोणाच्या तरी खालीच आहोत.

त्या अकरा दिवसांत मी एकदा खालच्या गावात गेलो होतो. एका आजीने हंडा खाली ठेवून विचारलं, "तुमाला पहाटंच कळलं व्हतं म्हणं, मग आमाला का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आज माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर संगमाखालच्या पाच गावांचे नंबर आहेत. तुमच्या भिंतीवर ते आहेत का, एवढे आज बघा.